रविवारची चटई

"अनिश कोण?" स्वप्नीलने विचारलं. माझा फोन त्याच्या हातात होता.

"लॅबमधला. सॅम्पल्स कुठे ठेवलीत ते विचारतोय. वाच की."

"वाचलं. दोनदा."

परळच्या लॅबमध्ये मी रोज लोकांच्या रक्तात कारणं शोधते. पण लग्नाला वर्ष होत आलं तरी नवऱ्याने जवळ घेतलं की माझं अंग आवळून येतं, दुखतं, इच्छाच उरत नाही, त्याचं कारण मला सापडत नव्हतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, सगळं नॉर्मल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोष काही नाही. स्नायू आपोआप आवळतायत. भीती, ताण, काय ते शोधा."

स्वप्नीलने त्याच्यापुरतं शोधलं होतं. "दिवेआगरला फिरायला गेलो तेव्हा दुखलं नाही. इथेच दुखतं. म्हणजे शरीर ठीक आहे. मनात कोणीतरी आहे. असं असेल तर एकत्र राहायचं कशाला?"

निरीक्षण बरोबर होतं. मग मीच माझ्यावर संशय घ्यायला लागले. मला खरंच हा नकोसा झालाय? पण दिवेआगरच्या हॉटेलात आणि लालबागच्या आमच्या चाळीत नवरा तोच होता, मीही तीच. बदलली होती ती फक्त खोली.

"रविवारी दुपारी नुसतं पडून राहू," मी म्हटलं. "हात लावायचा नाही. फक्त ऐकायचं. मग काय ते ठरव."

"हे काय नवीन नाटक?"

"करून तर बघ."

रविवारी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी चटई काखेत मारली, सुपात तांदूळ घेतले, "मी भायर बसतंय," म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. एका खोलीच्या घरात नव्या जोडप्याला एकांत द्यायची ही चाळीतली जुनी रीत. त्या मायेनेच करायच्या.

दाराखालच्या फटीतून चटईची कड दिसत होती.

"कमल, जरा विरजण दी गो." शेजारच्या शकूमावशी सासूबाईंना म्हणाल्या.

"मागाहून. पोरां आत आसत."

"अस्सं! मगे, नातू कधी येतलो?"

दोघीतिघी हसल्या. "तांदूळ निवडून संपले तरी दार उघडणा नाय गो!"

माझे खांदे कानांपर्यंत चढलेले स्वप्नीलने पाहिले. तो स्वतःही श्वास रोखून पडला होता.

"हे दर रविवारी?" तो कुजबुजला.

"तू तेव्हा ऐकत नसतोस."

"आणि अनिश?"

"त्याला सॅम्पल्स मिळाली."

तो हसला नाही. मग उठला आणि त्याने दार सताड उघडलं. बाहेरचं हसणं थांबलं.

"आई, आत ये. चहा टाकतो."

"इतक्यात?" सासूबाईंनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे संशयाने पाहिलं. "तिच्याशी भांडलंस काय रे?"

"भांडलो. चुकलंच माझं," तो म्हणाला. "आणि पुढच्या रविवारपासून चटई नको काढूस. बाहेर जायचं तर आम्ही जाऊ."

चहाचं आधण ठेवता ठेवता त्याने सकाळीच तपासायला घेतलेला माझा फोन खिशातून काढला आणि न बघता माझ्या हातात दिला.