चेकसम आणि छत्तीस तारा

क्रिसांता ओवेलारच्या घरातला कॉम्प्युटर सुरू केला, की आधी आतून टुक असा आवाज यायचा आणि मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटायच्या. कायम त्याच दोन ओळी. शेवटी एफ-वन दाबायला सांगितलंय, एवढं घरात सगळ्यांना माहीत झालं होतं. बाकीचं कुणाला कळत नव्हतं, आणि न कळल्यामुळे कुणाचं अडतही नव्हतं. एफ-वन दाबलं की कॉम्प्युटर कुरकुरत का होईना, जागा व्हायचा. फक्त त्याच्या लेखी दरवेळी कुठल्यातरी जुन्या वर्षाचा एक जानेवारी उजाडलेला असायचा.

ते बटण दाबून दाबून इतकं खिळखिळं झालं, की एक दिवस उडालं ते थेट कपाटाखाली गेलं आणि पुन्हा म्हणून सापडलं नाही. क्रिसांताचा नवरा तेओफिलो हार्प बनवणारा. लाकडाला त्याच्याकडे काय तोटा! त्याने सीडरचा इवलासा तुकडा तासला, घासून गुळगुळीत केला, पॉलिश चढवलं आणि त्या जागी घट्ट बसवून दिला. घरी कुणी आलं, की तो आधी ते बटण दाखवायचा.

"अख्ख्या विल्यारिका गावात असा कीबोर्ड मिळायचा नाही," तो म्हणायचा.

"आणि दुखणं राहू देऊन बटण नटवणारा माणूसही मिळायचा नाही," क्रिसांता म्हणायची.

बोलायची खरी, पण तीही रोज मुकाट्याने तेच बटण दाबायची. तिला तरी कुठे सवड होती? सकाळी हार्प शिकायला मुलं, दुपारी मोठी माणसं. कॉम्प्युटर लागायचा तो लेकीशी बोलायला. त्यांची एकुलती एक अरामी स्पेनमध्ये मालागाला नोकरीला होती आणि आता तिथेच लग्न करणार होती. तेओफिलोच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू दिलं नाही. तेव्हा अरामीनेच तोडगा काढला होता. लग्न लागलं, की हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर आई दिसेल, आई हार्प वाजवेल आणि त्यावर नवरा-नवरी पहिला नाच नाचतील.

लग्न शनिवारी. शुक्रवारी काकुपेच्या मातेचा सण होता. निम्मं गाव यात्रेला गेलेलं, दुकानं सगळी बंद. घरी रंगीत तालीम ठरली. क्रिसांताचा धाकटा भाऊ मेलानियो आला, शेजारच्या बेनिताबाई, ज्यांना सगळे आदराने न्या बेनिता म्हणत, चिपाची म्हणजे चीजच्या पावांची टोपली घेऊन आल्या, तेओफिलोने बर्फ घालून तेरेरेचा गार काढा तयार केला आणि एकच पेला हातोहात फिरू लागला. पृथ्वीच्या त्या अर्ध्या भागात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, उकाडा असा, की भिंतीसुद्धा घामेजल्या होत्या. गावभर पंखे चालू, त्यामुळे वीज सारखी जात होती.

क्रिसांताने पहिला सूर छेडला आणि वीज गेली. आली. टुक. दोन ओळी. लाकडी बटण. एक जानेवारी. तारीख चुकीची म्हणून बोलायचा प्रोग्रॅम आत घेईना. तारीख लावली, अरामी दिसली, ती "आई, अगं कुठे गेली होतीस?" म्हणाली आणि पुन्हा अंधार.

असं दोन-तीनदा झाल्यावर पडद्यावरच्या अरामीने कपाळावर हात मारला. "आई, उद्या असं झालं तर आम्ही दोघं मध्येच पाय उचलून उभे राहायचं का? बगळ्यांसारखे?"

सगळे हसले. क्रिसांताही हसली. तिने हार्प बाजूला टेकवली.

"मेलानियो, तू कॉम्प्युटरचा कोर्स केला आहेस ना? वाच बघू ते नीट."

मेलानियोने चष्मा लावला. कोर्स त्याने अर्धाच केला होता, पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. "चेकसम एरर," त्याने वाचलं.

"चेकसम म्हणजे?"

"चेकसम म्हणजे... ते आतलं असतं, ताई."

"आणि पुढे?"

"डिफॉल्ट लोडेड. हे सोपं आहे. दोष भरलेले आहेत! मशीन स्वतःच कबूल करतंय, आता आणखी काय पाहिजे?"

"कबूल करायला ते काय चर्चमध्ये आलंय?" तेओफिलो म्हणाला. "तुझ्या बहिणीशी लग्न करून मला इतकी वर्षं झाली, मी अजून एक दोष कबूल केलेला नाही."

न्या बेनितांनी पेला खाली ठेवला. "बाई, मी सांगू? त्याचं तोंड दाराकडे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडते. तोंड फिरवा त्याचं."

तोंड फिरवलं. टुक. दोन ओळी. मेलानियोने मागच्या सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचल्या. टुक. दोन ओळी. मग त्याने व्हायरसचा संशय घेतला, पण त्यावर करायचं काय, हे कोर्सच्या उरलेल्या अर्ध्या भागात होतं.

क्रिसांता मात्र वेगळंच आठवत होती. एकदा, मागच्याच महिन्यात, ह्या ओळी आल्या नव्हत्या. तिचं बोट सवयीने लाकडी बटणावर गेलं होतं आणि कॉम्प्युटर त्याआधीच गुपचूप सुरू झाला होता. तिला तेव्हा नवल वाटलं होतं, पण तितक्यात मुलं शिकायला आली आणि ते राहूनच गेलं. कधी झालं होतं हे? तेओफिलो दवाखान्यातून घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

"तेओफिलो, तू रोज रात्री विजेच्या कडकडाटाच्या भीतीने प्लग काढतोस ना?"

"काढतो. नाहीतर हा कधीच जळून गेला असता."

"ऑपरेशन होऊन आलास त्या रात्री काढला होतास?"

"त्या रात्री मला माझं नाव आठवत नव्हतं, प्लग कुठला!"

क्रिसांता उठली. तिने कॉम्प्युटर बंद केला, प्लग तसाच ठेवला आणि पुन्हा सुरू केला. ओळी आल्या नाहीत. बंद केला, प्लग उपटला, लावला, सुरू केला. टुक, आणि ओळी हजर.

"बघा!" ती म्हणाली. "भिंतीतली वीज पोचते तोवर याला सगळं आठवतं. ती तुटली, की हा जन्मच विसरतो."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्यामुळेच?" तेओफिलोचा चेहरा पडला.

"अरे, तुझ्यामुळे नाही, म्हाताऱ्या. वीज गेली तरी लक्षात राहावं म्हणून आत काहीतरी असणारच. माझं सूर लावायचं यंत्र बंद केलं तरी कुठे विसरतं? त्यात सेल आहे. यातही असेल. संपला असेल. मेलानियो, उघड."

मेलानियोने डबा उघडला. आतून धुळीचा लोट उठला आणि एक पाल सुसाट पळाली. न्या बेनिता खुर्चीवर चढल्या. धूळ फुंकल्यावर हिरव्या पट्टीच्या कोपऱ्यात नाण्याएवढा एक चकचकीत गोल सेल दिसला. मेलानियोने तो लोण्याच्या सुरीने अलगद बाहेर काढला. क्रिसांताने तो उजेडात धरला आणि त्यावरचा आकडा पाहून ती आतल्या खोलीत गेली. आली ती सूर लावायचं यंत्र घेऊनच. त्याच्या पाठीतला सेल काढून तिने दोन्ही शेजारी ठेवले. एकाच आईची लेकरं!

"ताई, यंत्रातला सेल इथे घातला, तर मग हार्प सुरात कशी लावणार?" मेलानियो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत एक दुकान उघडायचं नाही."

"आधी हे तर होऊ दे."

सेल बसला. कॉम्प्युटर सुरू झाला आणि त्याने पुन्हा त्याच दोन ओळी दाखवल्या. मेलानियोने हताश होऊन हात टेकले, पण क्रिसांताने धीर सोडला नाही. नव्या सेलला तरी आजची तारीख कशी ठाऊक असणार? तिने तारीख-वेळ लावली आणि कॉम्प्युटर बंद केला. मग तेओफिलो काठी टेकत उठला, छातीवर क्रॉस काढला आणि त्याने प्लग उपटला. सगळ्यांनी श्वास रोखून थोडा वेळ जाऊ दिला. पुन्हा प्लग. बटण. टुक.

ओळी नाहीत. सरळ निळा पडदा, आणि कोपऱ्यात आठ डिसेंबर.

न्या बेनिता खुर्चीवरूनच टाळ्या वाजवू लागल्या. मेलानियोने बहिणीला उचलून गिरकी घेतली. तेओफिलोचं बोट अजून लाकडी बटणावरच होतं. "म्हणजे आता हे दाबायचंच नाही?" त्याने विचारलं, आणि त्याचा सुतकी चेहरा पाहून क्रिसांताला इतकं हसू आलं, की डोळ्यांतून पाणी आलं.

शनिवारी सकाळी ती हार्पपुढे बसली तेव्हा मात्र हसू पळालं होतं. छत्तीस तारा. लहानपणी ती कानानेच सूर लावायची, पण यंत्र आल्यापासून कानाला ते काम कुणी दिलंच नव्हतं. पहिल्या काही तारा तिने दोन-दोनदा पिळल्या. कुठे चढलंय, कुठे उतरलंय, कळेना. तेओफिलोने दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि तो शेजारी येऊन बसला. उकाड्यात दोघं घामाने निथळत होते.

"खालून चौथी बसलीय," तो हळूच म्हणाला.

"मला ऐकू आलंय."

"मग पीळ ना."

तिने पिळली. तार रडत रडत वर चढली आणि एका जागी अशी काही थांबली, की दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या तारा तिने थांबून ऐकल्याच नाहीत. हात आपोआप चालू लागला. शेवटची तार लागली तेव्हा तिने सगळ्यांवरून एकदा बोटं फिरवली. तेओफिलो मान डोलावत राहिला. ही हार्प त्यानेच बनवली होती, पण इतकी गोड वाजलेली त्याने कधी ऐकली नव्हती. किंवा त्याला त्या दिवशी तसं वाटलं.

दुपारी लग्न लागलं. पडद्यावर अरामी पांढऱ्या झग्यावर कोट घालून उभी, तिथे थंडीचे दिवस. इथे मेलानियो बनियनवर. क्रिसांताने डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली आणि अर्ध्यात वीज गेली. तिला पत्ताच नाही. अंधाऱ्या पडद्यासमोर ती वाजवतच राहिली आणि तिला थांबवायचं कुणाला सुचलं नाही. संपवून तिने डोळे उघडले.

"कसं झालं?"

"फार सुंदर," तेओफिलो म्हणाला. "आम्हा तिघांना फार आवडलं."

वीज आली. टुक झालं, कॉम्प्युटर विनातक्रार उठला, प्रोग्रॅमने निमूट आत घेतलं, आणि समोर मालागाचा अख्खा हॉल चेहरे पुढे करून वाट पाहत होता.

"आई, पाय खाली ठेवू का?" अरामी ओरडली. ती आणि जावई खरोखरच एकेका पायावर उभे होते.

"ठेव, पोरी, ठेव! पहिल्यापासून वाजवते."

ह्या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. ती लेकीच्या पायांकडे बघत वाजवत होती. लय वाढवली तशी अरामीने कोट भिरकावून दिला, हॉलमधली माणसं जोडीजोडीने उठली, आणि इकडे न्या बेनितांनी मेलानियोला हात धरून ओढला. तेओफिलोने काठी भिंतीला टेकवली आणि एका गुडघ्यावर जितकं जमेल तितकं तो नाचला.