कपाटाचं दुसरं टोक

आमची लेक फोनवर बोलत नाही, हजेरी देते. जेवलीस का? हो. बरी आहेस ना? हो. ऑफिस? चाललंय. ठेवते. दुसऱ्या शहरात एकट्या राहणाऱ्या मुलीबद्दल आईला एवढी माहिती पुष्कळ झाली, असं तिचं ठाम मत. पण तिच्या हातांना काम दिलं की तोंड आपोआप सुटतं, हे मला ती एवढीशी होती तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून दर रविवारी दुपारी मी लॅपटॉपवर तिच्याबरोबर हमाली करते.

खेळच तसा आहे. दोन हमाल, एक अरुंद जिना, खाली ट्रक. सोफे, कपाटं, फ्रिज दोघांनी दोन टोकांना धरून उतरवायचे, तेही भिंतीला न घासता. घरातलं कपाट जरा सरकवा म्हटलं की ज्यांची पाठ धरते ते आमचे हे, मला खेळताना बघून म्हणाले, "या वयात?"

"यात पाठ धरत नाही," मी म्हटलं. "या तुम्हीही." आले नाहीत.

पण कपाट उतरवता उतरवता लेक बोलते. घरमालकीण कशी दाराला कान लावते, साहेब कसा खेकसतो, केस किती गळतायत. फोनवर वर्षभरात कळलं नसतं ते एका सोफ्यात कळतं.

आणि नेमका याच सुखाला दृष्ट लागावी तसा लॅपटॉप रुसायला लागला. सुरुवात झोकात व्हायची. जरा वेळानं पंखा घरघरायचा, मग पडदा मंद व्हायचा आणि माझा हमाल चिखलात रुतल्यासारखा चालायला लागायचा. लेक जिन्याच्या वळणावर, मी वरच्या पायरीवरच, मधे कपाट. कपाट पडायचं. "आई!" लेक ओरडायची. जणू मीच मुद्दाम सोडलं.

तरी मी दम धरला असता. पण एका रविवारी ती म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं होतं. चिडू नकोस हं. मी ना..." आणि सगळं थिजलं. चित्रही, आवाजही. परत सुरू झालं तेव्हा कपाट जिन्याखाली पालथं पडलेलं होतं आणि लेक म्हणत होती, "जाऊ दे. काही नाही."

फोनवर विचारलं. "काही नाही म्हटलं ना. ठेवते."

आता माझी झोप उडाली. पोरीला काय झालंय ते कळायचं तर लॅपटॉप पळायला हवा होता. मी घरात तक्रार मांडली आणि घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ आहे हे नव्यानं कळलं.

हे म्हणाले, "पडदा मंद दिसतो? डोळे तपासून घे."

धाकटे दीर म्हणजे आमच्या घरातले सर्वज्ञ. आले, चहा घेतला, बाह्या सरसावल्या. "वहिनी, किती गोष्टी उघड्या ठेवता हो एका वेळी! लॅपटॉपनं बिचाऱ्यानं करायचं काय?" त्यांनी सगळं बंद केलं. मग खेळातलं चित्र साधं केलं, सावल्या काढून टाकल्या. आता आमचे सोफे जमिनीला न टेकता हवेत तरंगायला लागले. पण तरंगायचे ते सुद्धा संथ.

"भावजी, फरक नाही पडला."

"पडणार नाहीच. मूळ दुखणं वेगळं आहे."

मूळ दुखणं शोधताना त्यांनी माझे जुने फोटो उडवले. दुखणं होतं तिथेच राहिलं.

शेवटी दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं लॅपटॉप खोलला, फुंकरीच्या यंत्रानं धूळ उडवली, काउंटरवरच्या सॉकेटला वायर लावली आणि खेळ सुरू केला. माझा हमाल हरणासारखा जिना उतरला. दुकानदारानं तीन कपाटं उतरवली, त्याला मजाच वाटायला लागली.

"ताई, मशीन ठणठणीत आहे. घरीच काहीतरी गडबड असणार."

घरी गडबड आहे हे ऐकायला मला दुकानात जायची काय गरज होती?

रविवार आला. मी झोपायच्या खोलीत बसले. तिथलं सॉकेट सैल झालंय. आमचे हे 'रविवारी बघतो' म्हणालेत, कुठल्या ते म्हणाले नाहीत. म्हणून वायर दाराखालून बाहेरच्या खोलीत नेलेली असते. लेक खेळात आली, आम्ही पियानो उचलला, पंखा घरघरला आणि भप्पकन पडदा मंद झाला. मी चिडून उठले, "थांब गं, आले," म्हणत दार उघडलं.

बाहेर सासरे सॉकेटच्या बटणावर बोट ठेवून उभे.

"बाबा? काय करताय?"

"बंद केलं. तापलंय ते. आवाज इथपर्यंत येतो."

माझे सासरे अग्निशमन दलातून निवृत्त झाले. दलातून ते आले, दल त्यांच्यातून गेलेलं नाही. रिकाम्या खोलीतलं बटण चालू दिसलं की त्यांना चैन पडत नाही.

"दर रविवारी बंद करता?"

"मग? घरघर थांबून गार झालं की परत लावतो. चार्जिंग संपू देत नाही मी, विसराळू नाहीये."

म्हणूनच बॅटरी कधी रिकामी सापडली नाही! वायरीतली वीज बंद झाली की लॅपटॉप बॅटरी पुरवून वापरतो, हात आखडतो, पडदा मंद करतो. दुकानात वीज बंद करायला सासरे नव्हते. मी हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तापलेलं तसंच चालू ठेवायचं?"

"खेळताना तेवढं तापतंच, बाबा."

"असं म्हणणाऱ्यांच्या घरी मी पाइप घेऊन गेलोय."

त्या घरांमधून त्यांनी काय काय बाहेर काढलं असेल, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलेलं नाही. मी खुर्ची उचलून आत नेली. "इथे बसा. स्वतः हात लावून बघत राहा. तुम्ही म्हणालात तर मी बंद करीन. पण आधी मला सांगा."

त्यांनी बटण चालू केलं. आत येऊन लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली दोन लाकडी ठोकळे सरकवले, खालून वारा जावा म्हणून. मग सरळ पाठीनं बसले, कामावर बसल्यासारखे. मी हेडफोन लावले.

पियानो सुरेख उतरला. मग फ्रिज उचलला. लेक खुशीत आली, खिदळली. "आई, आज उडतेयस तू!"

"त्या दिवशी काहीतरी सांगत होतीस," मी हमालाला सांभाळत म्हटलं, जणू फ्रिजच महत्त्वाचा.

आम्ही चार पायऱ्या उतरलो.

"मी नोकरी सोडली, आई. महिना झाला. मला नाही जमत तिथे. रोज सकाळी तयार होते आणि पलंगावर बसून राहते."

"बरं," मी म्हटलं. "घट्ट धर. पडला तर पडू दे. तू बोल."

वळणावर तिचा हमाल थांबला. माझाही. फ्रिज मधेच, तिरका. माझ्या कानात तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

सासरे पुढे वाकले. "पुन्हा अडकलं का गं?"

मी एका कानावरचा हेडफोन सरकवला. "नाही, बाबा. रडतेय ती."

त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर तळवा ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"तापलंय," ते हळूच म्हणाले. मग हात काढून घेतला. "चालू दे. मी आहे इथे."