शेण शिजवलेला कुकर

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे, आणि माझा अजून थोडा वास येतो. हसा, हसा! पण तुमच्या घरच्या कुकरनं कधी विज्ञानाची सेवा केली आहे का? मी केली आहे.

एकाहत्तर साली मी राहुरीला राधाकृष्ण सरांच्या घरी आलो. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. माझी पहिली शिट्टी ऐकून त्यांच्या आई झुंबरबाई अंगणात पळाल्या. पुढं त्याच बाई शेजारणींना बोलावून माझी शिट्टी ऐकवू लागल्या. काय ते माझे मानाचे दिवस!

पण सरांची थोरली बहीण चांगुणाअक्का माझ्या भाताचे दोन घाससुद्धा खात नसे. गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून दिवसभर गप्प बसायची. झुंबरबाई म्हणायच्या, "बाहेरचं हाय काहीतरी."

"बाहेरचं नाही गं आई," सर म्हणायचे. "तिचं आतलं दुखतंय."

शेणावर उगवणाऱ्या एका छत्रीनं, म्हणजे अळंबीनं, असं बुडालेलं मन वर येतं का, हे परदेशातले डॉक्टर तपासतात, असं सरांनी वाचलं होतं. त्यांनी ठरवलं, छत्री आपण वाढवायची, पुण्याच्या डॉक्टरांनी तपासायची. तोवर कुणी चाटायचीसुद्धा नाही. छत्री वाढवायची तर बाकीचे जंतू मारायला शेण आधी कडक वाफेवर शिजवायला हवं, आणि घरात तेवढी वाफ माझ्याच पोटात होती.

झुंबरबाई हळदीकुंकवाहून परतल्या. "काय शिजतंय रं?"

"संशोधन, आई."

"वास तर आपल्या म्हशीचा येतोय!"

त्या दिवशी माझी गोठ्यात हकालपट्टी झाली.

सरांनी शिजलेल्या शेणात छत्रीचं बी कालवलं आणि ते कॉलेजात गेले. झुंबरबाईंनी पाहिलं, शेण कसं आयतं, मऊसूत! त्यांनी सगळ्या संशोधनाच्या गोवऱ्या थापून गोठ्याच्या भिंतीला लावल्या. सरांनी कपाळाला हात लावला.

श्रावणात पुण्याचे डॉक्टर आले. काहीतरी दाखवावं म्हणून सरांनी घाईघाईनं मला पुन्हा भरलं. या वेळी शेणातली काडी माझ्या शिट्टीच्या भोकात अडकली. मी फुगलो, थरथरलो, पण ओरडणार कसा? धडाम! झाकण कौलांतून आरपार, आणि डॉक्टरांचा पांढरा सदरा सारवून निघाला.

 तेवढ्यात भिंतीपासून आवाज आला, "भोक तुंबलं हुतं. मला कवाच दिसलं."

अक्का बोलली होती!

झुंबरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग सांगितलं का न्हाईस गं?"

"कुणी इचारलंच न्हाई."

डॉक्टर शेणासकट तिच्या शेजारी जमिनीवर बसले. "मी विचारतो, अक्का. अजून काय दिसतं तुम्हाला?"

अक्कानं बोट दाखवलं. "गोवऱ्यांवर छत्र्या आल्यात. मी रोज बघती."

छत्र्या पुण्याला गेल्या. त्यांचं औषध होईल की नाही, अजून कुणाला ठाऊक नाही. तपासणं चालू आहे. डॉक्टर मात्र अक्काकडं येत राहिले. काही दिवस ती पुन्हा गप्प असते. पण आता अंगणाकडं तोंड करून बसते, आणि रोज सकाळी माझ्या शिट्टीत काडी घालून, फुंकर मारून बघते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, रानातली छत्री कधी तोंडात घालू नका. पण घरात कुणी भिंतीकडं तोंड करून बसलं असेल, तर शेजारी जाऊन बसा आणि विचारा. झाकण उडायची वाट बघू नका. कौलं महाग असतात.