मागचा कार्ब्युरेटर

गाडी सुरू झाली तेव्हा शाइस्तानं अब्बांना कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं. गिऱ्हाईक राजेश्वरीबाईंची ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या दोन कार्ब्युरेटरची. सात रस्ता चौकाजवळच्या आपल्या गॅरेजात लालसाबनी, म्हणजे अब्बांनी, दोन्ही खोलून, धुऊन पुन्हा जोडले होते. लेकीला हात लावू दिला नव्हता.

"तू टेम्पोचं बघ. ही माझ्या हातची गाडी हाय."

इंजिन तापलं, आणि मागचा कार्ब्युरेटर अडखळू लागला. "कचरा आलाय," म्हणत अब्बांनी गाडीत बसलेल्या बाईंना इंजिन बंद करायला लावलं आणि लगेच पाना उचलला.

"अब्बा, थंड होऊ द्या की. खालचा धुराचा पाइप लई तापलाय."

"बाईंना करमाळ्याला जायचंय. दोन मिनिटांचं काम."

त्यांनी झाकण काढलं, फुंकर मारली, आतली बारीक सुई परत बसवायला घेतली. पेट्रोल पुरेसं भरलं की त्याची वाट अडवायची, एवढंच त्या सुईचं काम. अब्बांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. शाइस्तानं ते पाहिलं. पण गिऱ्हाइकासमोर बापाला टोकायचं कसं?

"फिरवा चावी, बाई."

पेट्रोलचा पंप टकटकू लागला. भरलं की तो आपोआप थांबतो. आज थांबेना. शाइस्ता बॉनेटखाली वाकली. मागच्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओघळत होतं, थेट तापल्या पाइपावर. आणि अब्बा अजून तिथंच तोंड घालून बघत होते.

"चावी बंद करा! बाई, बंद!"

घाबरलेल्या राजेश्वरीबाईंचा हात उलटा, स्टार्टच्या बाजूला फिरला. इंजिननं उसळी मारली आणि भक्कन जाळ झाला.

अब्बांनी मागं सरायचं सोडून विझवायला जाळातच हात घातला. शाइस्तानं त्यांना खांद्यानं ढकललं, ते टायरांच्या ढिगावर कोसळले. कोपऱ्यातलं ओलं पोतं तिनं जाळावर दाबून धरलं, वरून वाळूची बादली उपडी केली. तोवर बाईंनी चावी उपसून काढली होती. पंप थांबला. धूर विरला, पण शाइस्ताला पोत्यावरचे हात काढवेनात.

अब्बांच्या मनगटावर फोड उठला होता. ते उठलेच नाहीत.

सगळं गार झाल्यावर शाइस्तानं झाकण उघडलं. सुई उलटी होती. टोक खाली.

"झालं काय नक्की?" राजेश्वरीबाईंनी विचारलं.

शाइस्तानं सुई मुठीत मिटली. "कचरा होता, बाई. मोठा..."

"कचरा न्हाय," अब्बा म्हणाले. "मी उलटी लावली. दिसत न्हाय मला. उजव्या डोळ्यानं तर काहीच न्हाय."

बाईंनी वाकून जळलेली नळी पाहिली. आता गाडी ओढून नेतील, असंच शाइस्ताला वाटलं.

"मग आता कोण लावणार?" त्यांनी विचारलं.

"ही लावंल," अब्बा म्हणाले.

शाइस्तानं ही सुई आयुष्यात कधी बसवली नव्हती. सगळं पुसून कोरडं केलं, जळलेली नळी बदलली, टोक वर धरलं. झाकण लावण्याआधी तिनं अब्बांचं बोट धरून सुईच्या टोकावर टेकवलं. त्यांनी चाचपलं, मान हलवली.

चावी फिरली. पंप टकटकला, मंदावला, थांबला. इंजिन एका सुरात चालू लागलं. तरी बाई त्या दिवशी करमाळ्याला गेल्या नाहीत. शाइस्ताला शेजारी बसवून त्यांनी गावातच दोन फेऱ्या मारल्या.

ती परतली तेव्हा अब्बा मनगटावर फडकं बांधून बसले होते.

"उद्या शटर उशिरा उघडू," ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन येऊ."

"व्हय, अब्बा."