चौथी सायकल

कापडाचं टोक तिने कात्रीनेच उचललं. हात लावायचीसुद्धा इच्छा नव्हती. कापड तिच्याच दुकानातलं होतं, अस्तराचं, राखाडी. त्याखाली सायकल होती. पहिल्या तीन नेहमीसारख्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. ही चौथी मात्र कपाटाच्या आड, तोंड झाकून. तिने कापड आणखी वर केलं. सायकलीला मधला दांडाच नव्हता. हँडलपासून खाली वळत आलेली नळी, साखळीवर झाकण, मऊ तपकिरी सीट. लेडीज सायकल.

“वन्सं, जरा इकडे या.”

पुढच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि तिथली काज-बटणं नणंदेकडे असायची. नवऱ्याची ही धाकटी बहीण दातात दोरा धरूनच आत आली.

“आई गं! वहिनी, तुमच्यासाठी आणली असेल.”

“मला सायकल येत नाही. तुमच्या भावाला हे तीस वर्षं माहीत आहे.”

“मग कोणाची?”

“मित्राची म्हणाले. त्याच्याकडे जागा नाही म्हणून ठेवायला दिलीय. मित्र लेडीज सायकल चालवतो वाटतं.”

नणंद हसायच्या बेतात होती, पण वहिनीचा चेहरा बघून तिने हसू गिळलं.

“काहीतरीच तुमचं. दादा आणि बाई? त्याला सायकली पुसण्यातून सवड मिळेल तेव्हा ना!”

नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायचा. आठवडाभर मान खाली घालून काम आणि रविवारी पहाटे सायकल. लांबच्या पल्ल्याला एक हलकी, डोंगरवाटेला एक जाड टायरांची आणि बाजारहाटाला एक कॅरिअरवाली. माणसाला बूड एक, मग सायकली तीन कशाला, असं तिने एकदा फणकाऱ्याने विचारलं होतं. तिच्या मशीनवरच्या कात्र्या त्याने ओळीने मांडल्या, कापडाची, कागदाची, दोऱ्याची, नागमोडी काठाची, आणि विचारलं, “यातली कोणती टाकू?” कापडाच्या कात्रीने कोणी कागद कापला तर घर डोक्यावर घेणारी बाई ती. तेव्हापासून ती त्या तिघींना सवती म्हणायची, पण चेष्टेत. सवतींना रविवारी ताजं तेल आणि बायकोला गार झालेला चहा, असं गिऱ्हाइकांना सांगून हसवायचीसुद्धा.

आता चेष्टा संपली होती. त्याच्या रविवारच्या सायकलवाल्या टोळक्यात सहा महिन्यांपूर्वी दातांच्या एक डॉक्टरबाई आल्या होत्या आणि तेव्हापासून घरातलं एकही जेवण त्यांच्याशिवाय झालं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणतात, पाणी घोट घोट प्यावं. डॉक्टरबाई चढावर थांबत नाहीत. डॉक्टरबाईंनी एकटीने पंक्चर काढलं. त्यात पँटींचं निराळंच. तीस वर्षं तिने शिवलेलं मुकाट घालणारा माणूस अलीकडे पँट घेऊन तिच्यापुढे उभा राहायचा. “आसनात जरा सैल कर गं. पाय उचलत नाही.” तिने एकामागून एक तीन पँटी उसवून सैल केल्या होत्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी ज्या पुरुषाला पँटीची बैठक टोचायला लागते, त्याचं लक्ष कुठे असतं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. गिऱ्हाइकं बघण्यातच तिचा जन्म गेला होता.

त्याच दुपारी डॉक्टरबाई आपल्या पायांनी दुकानात आल्या. त्यांना दोन पँटी शिवून हव्या होत्या.

“तुमच्या मिस्टरांनी सांगितलं. म्हणाले, हिच्यासारखं माप कोणी घेत नाही.”

“म्हणतात का असं?” तिने गळ्यातली टेप काढली. “सरळ उभ्या राहा.”

कंबर घेताना तिने टेप गरजेपेक्षा थोडी जास्तच आवळली. डॉक्टरबाईंनी श्वास आत घेतला, तक्रार केली नाही. केस आखूड कापलेले, हसताना डोळे बारीक होणारे, वय असेल पंचेचाळीस. हसणं छानच होतं, याचाही तिला राग आला. मग तिने गुडघे टेकून पायाची आतली बाजू मोजली. साडेपंचवीस. पाय अगदीच आखूड, हे वहीत लिहिताना तिला एवढं बरं वाटलं, की तो आकडा तिने दोनदा गिरवला.

“ते बरे आहेत ना आता?” डॉक्टरबाईंनी सहज विचारलं.

“आता म्हणजे? त्यांना काय झालंय?”

डॉक्टरबाईंनी नजर पिशवीकडे वळवली. “काही नाही. असंच विचारलं,” म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. काजावर वाकलेल्या नणंदेचं तिकडे लक्षच नव्हतं.

त्या जाताच ती टेप घेऊन आतल्या खोलीत गेली. डोकं तापलं होतं, पण हात शांत होते. सायकलवाला आपली सीट पायाच्या मापाने बसवतो, एवढं इतक्या वर्षांत तिच्या कानावर पडलं होतं. आखूड पायाची बाई म्हणजे सीट खाली. पुरावा ओरडून मागायची गरजच नव्हती, तो मोजता येत होता. पडताळा म्हणून आधी तिने भिंतीजवळच्या तिन्ही सायकली मोजल्या, पायडल अगदी खाली आणून, तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत. साडेबत्तीस. साडेबत्तीस. साडेबत्तीस. नकाशे काढणाऱ्याचं काम, सुताचाही फरक नाही. मग ती कपाटाआडच्या सायकलीपाशी बसली आणि टेप ओढली.

साडेबत्तीस.

टेप सरकली असेल म्हणून तिने पुन्हा मोजलं. मापात ती चुकत नसे, या वेळीही चुकली नव्हती. बाई नव्हती! तिला एकदम इतकं हलकं वाटलं, की ती फरशीवर तशीच बसून एकटीच हसली. उगीच त्या बिचारीची कंबर आवळली.

मग हसू हळूहळू ओसरलं, कारण पुढचा प्रश्न समोर उभाच होता. तीन तीन दांडेवाल्या सायकली असताना ह्या माणसाला बिनदांड्याची कशाला? तिने त्या खाली वळलेल्या नळीवरून बोट फिरवलं. पाय उचलत नाही. तो हेच म्हणत होता, चार महिने, तीन वेळा, स्पष्ट शब्दांत, तिच्यासमोर उभा राहून. आणि तिने पँट हातात घेऊन शिवण तपासली होती. गेले कित्येक रविवार तो दारातून सायकल हातात धरूनच कोपऱ्यापर्यंत चालत जायचा. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाला उंच पायरी आहे, तिच्यावर उभं राहून सायकलवर टांग टाकता येते. तिला वाटायचं, तिथे कोणीतरी वाट बघत असणार.

संध्याकाळी तो कचेरीतून आला तेव्हा नणंद घरी गेली होती. अस्तराचं कापड स्टुलावर घडी करून ठेवलं होतं आणि चौथी सायकल खोलीच्या मधोमध उभी होती. तो उंबऱ्यातच थांबला.

“तुमच्या मित्राचे पाय तुमच्याच मापाचे आहेत,” ती म्हणाली.

त्याने टेपकडे बघितलं. मग खांद्यावरची पिशवी सावकाश उतरवली.

“खुबा धरलाय. उजवा. चालवताना काही नाही. चढताना पाय मागून वर जात नाही.”

“कधीपासून?”

“झाले पाचेक महिने.”

“आणि मी आपली पँटी उसवत बसले.”

“तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आता विका त्या तिघी.”

“म्हटलं असतं,” ती म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही.

“मग ही एकच उरली असती.” त्याने त्या मऊ तपकिरी सीटकडे असं बघितलं, जसं एखादा नवीन चष्म्याच्या जाड काचांकडे बघतो. “बाकीच्या आहेत तोवर हिला चौथी म्हणता येतं.”

भिंतीजवळच्या तिघींपैकी एकीलाही ती हात लावू देणार नव्हती, आता तर नाहीच. गरम पाण्याची पिशवी कपाटात वर कुठेतरी होती, ती काढावी, आधी चहा टाकावा, असा विचार करत ती उठली आणि जाता जाता नुसतं विचारायचं म्हणून तिने विचारलं,

“आणलीत कुठून?”

“डॉक्टरबाईंनी शोधून दिली. त्यांच्या ओळखीत कोणी विकत होतं. दवाखान्याच्या मागे अंगण आहे ना, तिथे चढून बघितली.” तो जरा हसला. “पहिल्या दिवशी दोनदा पडणारच होतो. त्यांनी धरलं.”

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

दुपारी ती उगीचच हसली होती. बाई होतीच. पाच महिने हा माणूस तिच्या शेजारी कूस न बदलता निजला, तिने सैल केलेल्या पँटी घालून हिंडला आणि दुखणं मात्र त्या साडेपंचवीसवालीला सांगून आला. भलतं काही असतं तर आरडाओरडा करता आला असता, बहिणीकडे निघून जाता आलं असतं. ह्याची तक्रार कोणाकडे करायची? नवऱ्याने परक्या बाईला खुबा दुखतो म्हणून सांगितलं, असं? वन्सं तर पोट धरून हसल्या असत्या. पण तिला आतून जळत होतं, सकाळपेक्षा कितीतरी जास्त.

“त्यांना का सांगितलंत?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला.

“त्यांनी विचारलं.”

पुढच्या खोलीत जाऊन तिने कापडाचं टेबल भिंतीकडे सरकवलं, शिलाई मशीन ओढून बाजूला केलं, खाली पडलेले दोरे पायाने सारले आणि दुकानाचं दार लावून घेतलं. मग आत येऊन तिने सायकल स्वतः दुकानात नेली. तिला सायकल नेता येत नव्हती, पायडल दोनदा नडगीवर आपटलं.

“या. चढून दाखवा.”

“आत्ता? दुकानात?”

“त्यांच्यासमोर चढलात ना?”

तो आला. त्याने डावा हात हँडलवर ठेवला, उजवा सीटवर. खाली बघितलं, पुन्हा वर. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“तू जरा तिकडे बघ ना.”

“नाही,” ती म्हणाली आणि पुढून हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून त्याच्याकडेच बघत उभी राहिली.