गोठ्यातला धूर

पत्र्याच्या डावात निखारे. चघळून थुंकलेली पुदिन्याची पानं. "वाट मोकळी करून दिलीय, आता तुम्ही बुजवू नका," म्हणणारे डॉक्टर. तुतीखाली वाळणारा शर्ट, खिशापाशी जळलेलं भोक.

सासऱ्यांचा शर्ट ओयदिननं धुतला होता, म्हणून भोक तिलाच दिसलं.

कोकंद शहरातल्या त्या घराची ती सून. नवरा रशियात बांधकामावर. नवरोजच्या सुमारास सासरे तुर्गुनआका हृदयात दोन स्टेंट घेऊन परतले आणि त्यांना नजर लागण्याची भारी धास्ती वाटू लागली. रोज संध्याकाळी हाक यायची, पोरी, इसिरिक आण. ती निखाऱ्यांवर नजर उतरवणाऱ्या इसिरिक झुडपाच्या वाळक्या काड्या टाकून खोल्याखोल्यांतून धूर फिरवायची आणि शेवटी गोठ्यात न्यायची. तिथं सासरे बसलेले असायचे. धुरात सिगरेटचा धूर मिसळून जायचा. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, मरणाच्या दारातून आला तेव्हा कुठं माणसाला अल्ला आठवला. ओयदिन ऐकून घ्यायची. सुनेनं सासऱ्याला तोंडावर बोलायचं नसतं, आणि पाठीमागे बोलावं तर घर फोडल्यासारखं.

हिवाळ्यात पुन्हा छातीत कळ आली. एक स्टेंट बुजला होता. तिसरा घालावा लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्टेंटनंतरही जे ओढत राहतात ते सोडणाऱ्यांच्या आधी जातात. सासूबाईंनी पिशवीतली नान काढून तिच्यावर हात ठेवला आणि अन्नाची शपथ घेतली, यांनी सिगरेट शिवलीसुद्धा नाही. डॉक्टरांनी ओयदिनकडे पाहिलं. ती पिशवी आवरत राहिली.

घरी आल्यावर चार दिवसही गेले नाहीत, तोच हाक आली.

ओयदिन रिकाम्या हातांनी गोठ्याच्या दारात उभी राहिली.

"संपलं का इसिरिक?"

"पोतंभर आहे, अदाजान."

"मग?"

"तुमच्या मरणाला आडोसा धरून माझे हात दुखले."

सासऱ्यांच्या हातातली सिगरेट पेटलेलीच होती. तिचा उघडा वास अंगणात गेला आणि थोड्या वेळानं सासूबाई आत आल्या. त्यांनी नवऱ्याच्या बोटांतली सिगरेट काढून शेणात खुपसली आणि गवताच्या भाऱ्यावर बसकण मारली.

"नानची शपथ घेतली मी," एवढंच म्हणाल्या. "खोटी."

ओयदिन चहा ठेवायला वळली.

त्या हिवाळ्याआधीच्या उन्हाळ्यात, जर्दाळू वाळवायच्या दिवसांत, तुर्गुनआकांनी दोन महिने एकही सिगरेट ओढली नव्हती. तेव्हा इसिरिकची हाकही आली नव्हती.