नवशिक्यांच्या हातची झांज

मी झांज बोलतेय. काशाच्या दोन वाट्या आणि त्यांना जोडणारी एक सुती दोरी, एवढाच माझा देह. वाट्या दोन असल्या तरी मी स्वतःला एकच समजते, कारण दुसरीवाचून वाजणे त्यांतल्या एकीलाही येत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातले बहुतेक मी स्वतः अनुभवले आहे. जे अनुभवलेले नाही, ते कोणाकडून कळले हे तिथल्या तिथे सांगेन.

माझ्या जन्माची हकीकत मी १९६१च्या उन्हाळ्यात, नागपूरच्या इतवारीत, भांड्यांचे दुकानदार ताराचंद यांच्या तोंडून ऐकली. ते ती मला विकत घ्यायला आलेल्या धोंडबांना सांगत होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, भंडाऱ्याकडच्या एका कासाराने घरोघरच्या फुटक्या काशाच्या थाळ्या वितळवून मला ओतले. हे खरे असेल. मात्र सांगणारा दुकानदार होता आणि समोर गिऱ्हाईक उभे होते, हेही विसरता येत नाही.

धोंडबा कापडगिरणीतले कामगार. उत्तर नागपुरातल्या त्यांच्या वस्तीने पाच वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली होती. जुनी भजने घरातल्या देवांबरोबर मागे राहिली होती; बुद्धाची आणि बाबासाहेबांची नवी गाणी अजून ओठांवर बसायची होती. म्हणून धोंडबांनी वस्तीतल्या विहारात गायन मंडळ सुरू केले. पाळी सुटलेले गिरणी कामगार, दिवसभर विड्या वळून बोटे आखडलेल्या बाया, रेल्वेतले हमाल, सगळे संध्याकाळी सतरंजीवर ओळीने बसत. गाणी सर्वांनाच नवी होती, त्यामुळे तिथे सगळेच नवशिके होते. कदाचित म्हणूनच मंडळाचा एक दंडक पडला: येणाऱ्याला परत पाठवायचे नाही. ज्याला काहीच येत नाही त्याला ओळीच्या टोकाला बसवायचे आणि त्याच्या हाती झांज द्यायची.

ती झांज म्हणजे मी.

मोठ्या माणसाला शिकण्याची किती लाज वाटते, हे माझ्याइतके क्वचितच कोणी पाहिले असेल. चार मुलांचा बाप असलेला हमाल मला हातात घेताना इकडेतिकडे पाही. तळहाताला घाम सुटे. पहिल्या दिवशी तो मला इतक्या हळू टेकवी की माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. मग हळूहळू धीर येई, हात बसे, आणि एके दिवशी तो माणूस खंजेरीकडे किंवा कोरसात सरकून मला पुढच्या नवख्याकडे देऊन टाकी. ज्याला मी वाजवता यायची, तो मला सोडून जायचा. ही माझी तक्रार नाही, माझ्या कामाची रीतच तशी होती. पण एकाच पायरीवर आयुष्यभर उभे राहणाऱ्याला जो शीण येतो, तो मला फार लवकर आला.

एकच माणूस मला सोडून गेला नाही. त्याचे नाव लहानू.

लहानू गिरणीच्या विणकाम खात्यात होते. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान कधी गेले, ते त्यांनाही नेमके सांगता येत नसे. मंडळात आले तेव्हा त्यांना फार थोडे ऐकू येत असावे. ते धोंडबांच्या ढोलकावरच्या हाताकडे एकटक पाहत, हात पडला की मला वाजवत. आधी पाहायचे आणि मग वाजवायचे, यांच्यामध्ये जेवढा वेळ जातो, तेवढी मी प्रत्येक ओळीच्या शेवटी मागे पडे. कोणी काही ठरवले नव्हते, पण काही वर्षांत सगळे मंडळ ओळीच्या शेवटी श्वासभर थांबू लागले. माझा आवाज आला की पुढची ओळ उचलायची, अशी सवयच पडून गेली. मोठ्या गळ्याच्या, विड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या इंदूबाई म्हणत, “लहानूभाऊची झांज म्हणजे नरखेडची एसटी. येते बरोबर, पण वाट पाहाले लावते.” सगळे हसत. ते सगळे हसताहेत हे पाहून लहानूही हसत.

रियाज संपला की लहानू मला कापडी पिशवीत घालून घरी नेत. त्यांची बायको पंचफुला कोरसात गात असे; ती पुढे चाले, ते मागे. घरी ते मला दर आठवड्याला चिंचेने घासत. माझ्यात तोंड दिसेल इतकी मी लखलखीत असे. अशी निगा दुसऱ्या कोणी राखली नाही.

१९७४ साली मधुसूदन मंडळात आले. सरकारी कचेरीत कारकून, वस्तीतलेच, पेटी रीतसर शिकलेले. माणूस सरळ होता. त्यांच्याविषयी आकस ठेवून मी हे सांगत नाही. त्या वर्षी शहरातल्या गायन मंडळांची स्पर्धा जाहीर झाली, आणि आपल्या मंडळाने उतरावे असे त्यांनी सुचवले. सगळ्यांनाच ते पटले. इतकी वर्षे आपण आपल्यासाठी गात होतो. शहराने एकदा ऐकावे, ही इच्छा वाईट नव्हती.

लहानूंची तेव्हा दुपारपाळी होती. संध्याकाळचा रियाज त्यांच्यावाचून चाले, आणि मी पंचफुलाबरोबर विहारात येऊन तिच्यापुढे नुसती पडून असे. अशाच एका संध्याकाळी मधुसूदनांनी पेटीचा भाता मिटला आणि जपून विषय काढला. ओळ संपली की मंडळ थांबते, त्यामुळे गाणे लंगडे होते. स्पर्धेपुरती झांज दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते.

धोंडबा म्हणाले, “झांज मागं पडते तं पडू दे ना गा. ते आली का मंग जाऊ पुढं.”

“काका, ऐकणारे नाही थांबणार.”

मग पंचफुला बोलली. तिचा आवाज चढला नाही.

“काढाचं असन तं काढा त्याले. पण सांगान तुमीच, मी नाई सांगत. घरी त्याच्याशी बोलाचं म्हटलं तं मले वरडा लागते. साधं ‘जेवाले ये’ म्हटलं तरी शेजारच्याले वाटते, भांडण चालू हाय. इथं त्याच्यावर कोणी वरडत नाई. धोंडबाभाऊचा हात पाह्यते, वाजवते. दिवसातून तेवढंच तो चार माणसात असते.”

धोंडबांनी मान खाली घातली. सांगण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, कारण मंडळ त्यांचे होते आणि मैत्रीही त्यांची. झांज इंदूबाईंनी वाजवावी असे ठरले. त्या नको म्हणत होत्या. पण ठोक्याला त्यांच्याइतके पक्के दुसरे कोणी नव्हते.

रविवारी धोंडबा लहानूंच्या घरी आले. मी खुंटीवरच्या पिशवीत होते. चहा झाला. धोंडबा बराच वेळ गिरणीविषयीच बोलत राहिले, ओठ मोठे हलवून, लहानूंना दिसावे असे. दोनदा त्यांनी विषयाला हात घातला आणि दोनदा सोडला. शेवटी त्यांचे बोट माझ्याकडे वळले.

“झांज दे. इतवारीतून पालिश करून आणतो.”

लहानूंनी पिशवी काढली. आदल्याच दिवशी त्यांनी मला चिंच लावली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, धोंडबांकडे पाहिले, पिशवीची नाडी बांधली आणि मला देऊन टाकले. चुलीपाशी बसलेल्या पंचफुलाने मान वळवली नाही.

मी इतवारीत गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून इंदूबाईंच्या हातात वाजू लागले. प्रथमच मी वेळेवर पडत होते. मंडळानेही ओळीच्या शेवटी न थांबण्याचा सराव केला. जड गेला, पण जमला. खरे सांगायचे तर गाणे चांगले होऊ लागले. हे मी लपवत नाही.

स्पर्धा एका मैदानातल्या मांडवात होती. रविवार असल्यामुळे गिरणीला सुट्टी होती. आमचा क्रम आला, मंडळ मंचावर बसले, आणि तेव्हाच लहानू आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. ते कोणाकडून काय ऐकून आले होते, मला माहीत नाही. ते पुढच्या रांगेत येऊन बसले आणि नेहमीप्रमाणे धोंडबांच्या हाताकडे पाहू लागले.

पहिली ओळ उत्तम गेली. दुसरी उचलताना धोंडबांची नजर लहानूंवर गेली. ओळ संपली आणि ढोलकाचा हात वर उचललेला तसाच राहिला. ज्या डोळ्यांसाठी तो हात इतकी वर्षे थांबत होता, ते डोळे समोर होते, म्हणून हात थांबला. त्याच्याबरोबर कोरस थांबला, खंजेऱ्या थांबल्या, आणि पेटीवरची मधुसूदनांची बोटेही अडखळली. इंदूबाईंचा ठोका मात्र पक्का होता. त्या भरल्या मांडवात मी एकटी वाजले, अगदी वेळेवर.

लोक हसले. वाईट हसू नव्हते ते, पण हसले. गाणे कसेबसे पुढे गेले. बक्षीस मिळाले नाही, आणि मिळायलाही नको होते.

मांडवामागे सगळे गोळा झाले तेव्हा धोंडबा ढोलकाच्या दोऱ्या उगाच आवळत बसले होते. लहानू तिथे आले. इंदूबाई लगबगीने उठल्या आणि मला पुढे करत म्हणाल्या, “घे गा भाऊ. माह्या हातात नाई शोभत.” लहानूंनी मला घेतले नाही. थोडे दुरूनच पाहिले. ऐकू न येणाऱ्यांचा असतो तसा त्यांचा आवाज नेहमीच मोठा असे. ते म्हणाले,

“पालिश चांगलं झालं गा, धोंडबा.”

धोंडबांनी होकारार्थी मान हलवली. दुसरे ते काय करणार होते?

त्यानंतरचे काही महिने मला आठवले की आजही जड होते. दुपारपाळी संपली आणि लहानू रियाजाला येऊ लागले. ते ओळीच्या टोकाला बसत, हात मांडीवर ठेवून. मी त्यांच्यापुढे सतरंजीवर असे. धोंडबा दर वेळी मला बोटभर पुढे सरकवत. लहानू पाहत, पण उचलत नसत. स्पर्धेसाठी मोडलेली सवय परत आली होती. ओळ संपली की मंडळ थांबे आणि तिथे काहीच वाजत नसे. मग कोणीतरी खाकरून पुढची ओळ उचले. रागावलेला माणूस निघून जातो. हा माणूस रोज येत होता, आणि त्यामुळे कोणाचीच सुटका होत नव्हती.

मग भीमाबाई आल्या. भाजी विकणाऱ्या, साठीच्या आसपासच्या. दाराशीच उभ्या राहून त्यांनी सांगून टाकले की, “मले काई येत नाई बाप्पा, मी आपली ऐकतो.” दंडकाप्रमाणे त्यांना टोकाला बसवले. आता झांज द्यायची ती कोणी, या विचाराने सगळे धोंडबांकडे पाहू लागले.

लहानूंनी मला उचलले. एवढ्या दिवसांनी त्यांचा तळहात लागला. तो कोरडा होता. त्यांनी मला भीमाबाईंच्या हातात दिले, दोरी त्यांच्या बोटांना कशी गुंडाळायची ते दाखवले आणि हनुवटीने ढोलकाकडे खूण केली.

“तिकडं पाह्य. त्याचा हात पडला, का मंग आपण. घाई नाई कराची.”

भीमाबाईंचे कान धडधाकट होते. तरीही शिकवल्याप्रमाणे त्यांनी आधी हात पाहिला आणि मग मला वाजवले. मी पुन्हा तेवढीच मागे पडले, आणि मंडळ थांबले होते नेमका तिथेच माझा आवाज पडला. मधुसूदन पेटीवर वाकून हसत होते. वाट पाहायला शिकायला त्यांनाच सर्वांत जास्त दिवस लागले, पण पुढे जमले. लहानू कोरसात जाऊन बसले. कोरसाला त्याचे काय वाटले, ते मी इथे सांगत नाही.

आता १९८६ सुरू आहे. धोंडबा जाऊन बरेच दिवस झाले. त्यांच्यामागून, एकाच थंडीत, लहानूही गेले. ढोलकाच्या दोऱ्या सैल आहेत. वस्तीत आता बेंजो आणि भोंगे लावून गाणाऱ्या पार्ट्या बोलावतात. त्यांचे लोक शिकून आलेले असतात, बाकीचे खुर्च्यांवर बसून ऐकतात. ऐकणे वाईट नाही. पण ओळीचे टोक आता कुठेच नाही, जिथे काही न येणाऱ्याला बसता यावे. मी विहाराच्या कपाटात आहे. माझ्या एका वाटीला चीर गेली आहे, आणि मला कोणी चिंच लावत नाही. मला विश्रांती हवी होती, ती मिळाली. ती अशी असते हे ठाऊक नव्हते. कधी कोणी कपाट उघडले, तर येत नाही म्हणून लाजू नका, मला उचला. वाजवायला चुकणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत.

एक गोष्ट मात्र मला कधीच पडताळून पाहता आली नाही. पालिश चांगले झाले, हे लहानू खरे मानून म्हणाले, की धोंडबांना मान वर करता यावी म्हणून म्हणाले? पंचफुला म्हणत असे, त्याला सगळे समजले होते. इंदूबाई म्हणत, तो भोळा होता. धोंडबांनी कधी विचारले नाही. लहानूंच्या मनातले मला नेहमी त्यांच्या तळहातावरून कळे. पण त्या दिवशी मांडवामागे त्यांनी मला हातात घेतलेच नव्हते.